नत्थुजीने बसवलेले तेलाचे ब्रेक

नत्थुजी मेहरे मूळचा बार्शीटाकळीचा. घरी वांग्या-मिरच्यांचा मळा होता, मोट होती, पण या पोराला मातीपेक्षा लोखंडाची ओढ जास्त. मिसरूड फुटलं तसा तो अकोल्याला पळाला, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात मामाच्या घरी राहिला आणि कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात तेलवाला म्हणून लागला. यंत्रांच्या सांध्यांत तेल घालता घालता जिनाच्या लॉरीवरच्या ड्रायव्हरशी दोस्ती झाली, त्याच्या शेजारी बसता बसता चाक हातात आलं. माळ्याचं पोर मोटार हाकतं ही बातमी गावी पोचली तेव्हा बाप कितीतरी दिवस कोणाशी धड बोलला नाही. पुढं परतवाड्याच्या सुभद्रेशी लग्न झालं. तिच्या माहेरी भाजीपाल्याचा धंदा होता आणि ती स्वतः बाजारात बसायची. नत्थुजी तिकडंच स्थिरावला आणि खुशालरावांच्या मोटारीवर चढला.

खुशालराव म्हणजे परतवाड्याच्या पंचक्रोशीतले मोठे कास्तकार. काळ्या जमिनीत कपाशी, विहिरीवर संत्र्यांचा बगीचा. मोटार त्यांनी नवी घेतली नव्हती. जंगलखात्याचा एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना जी विकून गेला, तीच ही. कापडी टपाची, हँडल मारून सुरू होणारी, उंच चाकांची. इंजिन बैलासारखं इमानी. खोट होती ती ब्रेकमध्ये.

ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना होते. पायानं दाबायच्या पट्टीपासून दोन लोखंडी सळ्या मागं गेलेल्या, आणि त्या सळ्या दोन सवतींसारख्या, एकीचं दुसरीशी पटलं तर शपथ. पाय जोरात दाबला की डावं चाक आधी धरी, उजवं मागून, आणि गाडी झटकन डावीकडं तोंड फिरवी. नत्थुजीनं त्यावर आपली एक युक्ती बसवली होती. पाय अर्धाच दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा; त्याच दमात हाताची दांडी ओढायची आणि चाक उजवीकडं किंचित धरून ठेवायचं. इतकं सगळं जमलं की गाडी सरळ थांबे. पाहणाऱ्याला वाटे, गाडी सभ्य आहे.

"थे गाडी माह्याशिवाय कोनाच्या बापाले थांबत नाई," असं तो चहाच्या दुकानावर सांगायचा, आणि ते खरंच होतं. या खरेपणाचा त्याला फार अभिमान होता.

अभिमानाच्या खाली भीतीही होती. शेजारच्या एलिचपुरात, म्हणजे आताच्या अचलपुरात, सूर्यभान नावाचा एक ड्रायव्हर होता. मालकाची पोरं चाक शिकली, आणि सूर्यभान आता लाकडांच्या डेपोवर ओंडके उचलत होता. नत्थुजी त्या रस्त्यानं जाताना भोंगा वाजवायचा नाही. सूर्यभाननं मान वर करून पाहू नये असं त्याला वाटे.

खुशालरावांना एकच मुलगा, भगवंत. अमरावतीच्या कॉलेजात शिकत होता. लहानपणी नत्थुजीच्या मांडीवर बसून चाक फिरवलेलं पोर, आता डोक्यानं त्याच्यापेक्षा उंच. नत्थुजीला तो कधी एकेरी हाक मारत नसे. एकदा सुटीत आला तो उत्साहानं फुललेला.

"नत्थुजी, आता नव्या गाड्यायले तेलाचे ब्रेक येऊन राहिले. चारी चाकायले! पाय टेकवला का गाडी उभी. अमरावतीचा शेख चांद मिस्त्री म्हनते, मोडक्या नव्या गाडीचं सामान जुन्या गाडीले बसवता येते. मी बाबाले विचारलं. ते म्हनतात, नत्थू म्हनन तसं."

खुशालराव ओसरीवर पान लावत बसले होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "काय रे नत्थू, बसवायचे काय?"

नत्थुजीला तो क्षण पुढं आयुष्यभर जसाच्या तसा दिसायचा. खुशालरावांच्या बोटाला लागलेला चुना, भगवंतचा हसरा चेहरा. 'बसवू मालक' एवढंच म्हणायचं होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढं सूर्यभान आला. पाय टेकवला की उभी राहणारी गाडी कोणीही चालवील. मग नत्थुजी कशाला लागतो?

"मालक," तो म्हणाला, "तेलाचा काय भरवसा? नळी फुटली का चारी चाकं गेले कामातून. लोखंड दगा देत नाई."

"आयकलं ना?" खुशालराव मुलाला म्हणाले. "आपल्या नत्थूले कळते त्यातलं."

विषय तिथंच संपला. नत्थुजी बोलला ते अगदी खोटंही नव्हतं, नळी फुटू शकते. म्हणून तर त्याला ते बोलताना जड गेलं नाही.

भगवंतनं मग दुसरा हट्ट धरला, मले चाक शिकवा. याला नाही म्हणता येईना. नत्थुजीनं त्याला अमरावतीच्या सरळ सडकेवर गिअर शिकवले, वळवणं शिकवलं, मागं घेणंही शिकवलं. थांबायची वेळ आली की तो म्हणायचा, "गॅस सोडा, आपोआप थांबते." सपाट रस्त्यावर ती थांबेही. ब्रेकची युक्ती मात्र त्यानं सांगितली नाही. पुढल्या खेपेला सांगू, असं मनाशी म्हणायचा. पुढली खेप आली की आभाळ भरलेलं असायचं, नाहीतर मालकांना घाई असायची, नाहीतर उगाचच जीभ वळत नसे.

त्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत नत्थुजीची आई आजारी पडली आणि तो बार्शीटाकळीला गेला. इकडं भगवंतची आई, सत्यभामाबाई, यांना चिखलदऱ्याच्या देवीला जायचं होतं. नवस फेडायचा राहिला होता. नत्थुजी येईपर्यंत थांबा, असं खुशालराव म्हणाले होते. पण ते कापसाच्या बाजारासाठी अकोल्याला गेले, आणि सुटीत घरी आलेला भगवंत चाकावर बसून मायलेक दोघंच घाटाला निघाले. चढताना काहीच झालं नाही. देवीची ओटी भरली, परत फिरले. उतारावरच्या एका वळणावर पुढून बैलगाडी आली. भगवंतनं घाबरून पाय पूर्ण दाबला. गाडीनं डावीकडं तोंड फिरवलं आणि रस्त्याच्या कडेच्या सागाच्या खोडावर जाऊन आदळली.

सत्यभामाबाईंना खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. भगवंतचा उजवा पाय पट्ट्यांखाली अडकून गुडघ्याखाली दोन जागी मोडला.

नत्थुजी परत आला तेव्हा सुभद्रेनं दारातच सांगितलं. तो खांद्यावरची पिशवी न उतरवता तसाच उभा राहिला.

"कोन्या बाजूले गेली गाडी?" एवढंच त्यानं विचारलं.

"डावीकडे म्हनते. कावून?"

त्यानं पिशवी खाली ठेवली आणि तो उंबऱ्यावरच बसला.

भगवंत अमरावतीच्या दवाखान्यात बरेच महिने पडून होता. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. पाय जमिनीवर टेकला तरी त्यात जोर राहिला नाही. कुबडी सुटली आणि काठी आली. डॉक्टरांनी सांगितलं, हा पाय चालायच्या कामाचा, ताकदीच्या कामाचा नाही.

मोटार पत्रा ठोकून, मडगार्ड सरळ करून पुन्हा उभी झाली. नत्थुजी खुशालरावांना आणि सत्यभामाबाईंना अमरावतीला नेई-आणी. सगळ्या वाटेवर मागच्या बाकावर एकच बोलणं चाले.

"उतावीळ पोरगं," खुशालराव म्हणायचे. "नत्थूले येऊ देत होता काय?"

"त्याले काहाले बोलता?" सत्यभामाबाई म्हणायच्या. "मीच नेलं त्याले. माह्याच नवसानं त्याचा पाय घेतला." आणि मग पुढं वाकून, समोर बसलेल्या नत्थुजीच्या पाठीला म्हणायच्या, "नत्थुजी, तू असता त हे झालं नसतं बाप्पा."

नत्थुजी पुढच्या काचेकडं पाहत राही. या घरात ज्यानं त्यानं दोष उचलून कोणाच्या ना कोणाच्या डोक्यावर ठेवला होता. बापानं पोराला दिला, आईनं स्वतःला दिला, पोरगं खाटेवर पडून म्हणायचं की माझीच चूक. ज्याचा होता तो मात्र चाक धरून बसला होता, आणि त्याचीच तेवढी सगळे तारीफ करत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं. कोणी नुसतं 'ब्रेक' म्हटलं तरी त्याच्या कानाच्या पाळ्या तापायच्या.

सत्यभामाबाईंनी पायात वहाणा घालणं सोडलं. पोरगं काठीशिवाय चालेल तेव्हा घालीन म्हणाल्या. उन्हाळ्यात परतवाड्याची माती तव्यासारखी तापते, आणि ती मोठ्या घरची बाई अनवाणी पायांनी अंगणातून ओसरीवर यायची, नत्थुजीच्या हातात चहाचा कप द्यायची. तो त्यांच्या पायांकडं पाहू शकत नसे. चहा घ्यावासा वाटत नसे, पण 'नको' म्हणायलाही तोंड नव्हतं.

सुभद्रा एक दिवस वैतागली. "भगवंतभाऊचा पाय मोडला, तुमचं तोंड कावून मोडलं? जेवत नाई, बोलत नाई."

"काई नाई."

"काई नाई म्हनता म्हनता मानूस अर्धा झाला."

भगवंत घरी आला. दिवसभर ओसरीवर आरामखुर्चीत पुस्तक घेऊन बसे. मोटार अंगणातून बाहेर निघाली की तो पुस्तकातून डोकं वर काढत नसे. नत्थुजीच्या ध्यानात आलं की तो मुद्दाम पाहत नाही. सळ्यांचा ब्रेक दाबायला पैलवानाचा पाय लागतो. या पायानं ते आता होणार नव्हतं.

त्यानंतर एक दिवस नत्थुजी स्वतःहून खुशालरावांपुढं जाऊन उभा राहिला.

"मालक, थे तेलाचे ब्रेक बसवून घेऊ. त्याले जोर लागत नाई. नुसता अंगठा टेकवला तरी धरते. भगवंतभाऊ चालवू शकतीन."

खुशालरावांनी त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं. "तूच त नको म्हनत होता."

हीच वेळ होती. तोंडाशी आलं होतं सगळं. पण तो म्हणाला, "तवा ध्यानात नवतं आलं मालक." आणि पहिल्या खोट्यावर दुसरं खोटं रचून तो बाहेर आला.

शेख चांद मिस्त्री अमरावतीहून सामान घेऊन आला. म्हातारा, पांढरी दाढी तेलानं पिवळी पडलेली, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी. कुठल्याशा वकिलाची नवी गाडी पुलावरून खाली गेली होती. तिचा पुढचा अख्खा आस, चारी चाकांचे ब्रेकचे डबे, नळ्या, सगळं त्यानं काढून ठेवलं होतं. गोठ्याशेजारच्या लिंबाखाली गाडी ओंडक्यांवर चढवली आणि काम सुरू झालं. नत्थुजी त्याच्या हाताखाली पडेल ते करत होता. जुना आस काढला, नवा बसवला. पट्टीखाली तेलाची नळकांडी बसवली, तिच्यातून चारी चाकांना बारीक नळ्या नेल्या. मागच्या जुन्या सळ्या मात्र मिस्त्रीनं फेकू दिल्या नाहीत. दोन्हींची लांबी बरोबर जुळवून त्यानं त्या हाताच्या दांडीला जोडल्या.

"कल नळी फुटली, तो ये है," तो म्हणाला. "तेल पैर में, लोहा हाथ में. फिर डर काहे का?"

नत्थुजीच्या सगळ्या वादाचं उत्तर एका वाक्यात होतं. ओसरीवर पहिल्यांदा विषय निघाला तेव्हाच कोणी मिस्त्रीला विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं.

ब्रेकच्या तेलाचा डबा उघडला तेव्हा खुशालराव वाकून वास घेऊ लागले. "हे त एरंडेल वाटते रे!"

"एरंडेलच हाय मालक, स्पिरिट मिलाया हुआ."

"गाडीले जुलाब होतीन बाप्पा!" खुशालराव हसले. भगवंतही हसला. किती तरी दिवसांनी त्या अंगणात हसणं झालं. नत्थुजीनं हसायचा प्रयत्न केला, पण ओठ हलले तेवढेच.

नळ्यांत तेल भरलं की त्यात हवा राहते. हवा राहिली तर पाय भसकन खाली जातो आणि ब्रेक धरत नाही. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पट्टी दाबून धरायची, दुसऱ्यानं खाली झोपून चाकाजवळचा बोल्ट ढिला करायचा. बोल्टला लावलेल्या रबरी नळीतून तेलाबरोबर बुडबुडे खालच्या बाटलीत येतात. मग बोल्ट आवळायचा, आणि तेव्हाच वरच्यानं पाय सोडायचा. आधी सोडला तर हवा उलटी आत शिरते.

शुक्रवार होता. मिस्त्री दुपारी नमाजाला गेला. जाताना म्हणाला, "तुम दोनों करो शुरू. पिछला पहिया पहले."

भगवंत काठी टेकत आला आणि नत्थुजीच्या आधारानं चाकामागं बसला. अपघातानंतर तो पहिल्यांदाच तिथं बसत होता. त्यानं आपला दुखरा पाय हातानं उचलून पट्टीवर ठेवला. नत्थुजी गाडीखाली सरकला. खालून त्याला फक्त फळीतल्या फटीतून पट्टीचा दांडा दिसत होता.

"दाबा."

दांडा हळूच खाली आला.

"धरा." बोल्ट ढिला केला, बाटलीत बुडबुडे उठले, बोल्ट आवळला. "सोडा."

असं बराच वेळ चाललं. दोघांना ताल सापडला. वरून भगवंतचा आवाज आला, तो हलका झाला होता.

"नत्थुजी, पायाले जोर लागतच नाई हो! मी खरंच चालवू शकीन."

"चालवसान ना."

"तुमी माह्यासाठी लय करून राहिले. दुसरा असता त म्हनला असता, पोरानं गाडी फोडली, मरू दे. चूक त माहीच होती. आन आई उगीच सोताले खाऊन राहिली."

नत्थुजीचा पाना हातातच थांबला.  माणूस समोर असता तर कदाचित त्यानं पुन्हा गिळलं असतं. पण इथं तोंड दिसत नव्हतं. वर पाय होता, खाली तो होता, मध्ये लोखंड.

"दाबा," तो म्हणाला. "धरा." त्यानं बोल्ट ढिला केला आणि तसाच बोलला, "भगवंतभाऊ, चूक तुमची नवती. मायची बी नवती. गाडी डावीकडे पळते हे मले पहिल्यापासून ठाऊक होतं. तिले थांबवाची कळ होती, थे मी तुमाले सांगतली नाई. आन तेलाचे ब्रेक मीच नको म्हनलो."

दांडा तळाशी टेकला.

"कावून?" मग भगवंतनं विचारलं.

"तुमाले चालवता आलं असतं त मले कोन ठेवलं असतं? म्हनून."

नत्थुजी वाट पाहत राहिला. शेजारच्या गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. मग दांडा वर उचलला गेला. भगवंतनं पाय काढून घेतला होता, आणि बोल्ट अजून उघडाच होता. बाटलीतलं तेल नळीतून सुर्रकन मागं ओढलं गेलं, मागून हवा.

"आईले सांगतलं हे?"

"नाई."

"रोज ते अनवाणी फिरते. तू पाहत होता."

लहानपणापासून तो नत्थुजीला 'तुमी' म्हणत आला होता. आज पहिल्यांदा 'तू' आलं, आणि शिवीहून जास्त लागलं.

दार उघडल्याचा आवाज झाला. काठी आणि पाय, काठी आणि पाय, असा तो ओसरीकडं गेला. नत्थुजी तसाच पडून राहिला.

मिस्त्री आला, बाटली पाहिली आणि म्हणाला, "इसमें तो फिर से हवा घुस गई! छोटे मालिक किधर?"

"गेले."

मिस्त्रीनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. स्वतः वर जाऊन बसला. सगळी चाकं पुन्हा पहिल्यापासून केली.

काम संपलं तसा नत्थुजीनं विहिरीवर हातपाय धुतले आणि तो ओसरीपाशी गेला. सत्यभामाबाई अंबाडीची भाजी निवडत होत्या. भगवंत आत होता, त्यानं काही सांगितलेलं दिसत नव्हतं. ते नत्थुजीवर सोडलं होतं. बाईंनी नेहमीप्रमाणं कप पुढं केला. त्यानं तो घेतला नाही. उभ्याउभ्याच, मान खाली घालून, सगळं सांगितलं.

बाईंचे हात भाजीवर थांबले.

"मुद्दाम केलं?"

"पडावं म्हनून नाई केलं माय. पन ठाऊक असून सांगतलं नाई."

"म्हंजे तेच."

त्यांनी निवडलेली पानं एका बाजूला सारली. मग बोलल्या तेव्हा आवाज चढला नव्हता.

"मी देवीले दोष देल्ला. सोताले देल्ला. नवऱ्याची बोलनी खाल्ली. आन तू रोज माह्या हातचा चहा पीत होता."

नत्थुजीनं वाकून त्यांचे पाय धरायला हात पुढं केले. बाईंनी पाय मागं घेतले.

"जाय," त्या म्हणाल्या. "पाया नको पडू. जाय आता."

खुशालरावांना कळलं तेव्हा घर दणाणलं. पोलिसात देतो, वेशीवर उभा करतो, असं पुष्कळ बोलले. नत्थुजी ऐकून घेत होता. खरं तर ते त्याला सोपं वाटत होतं. बाईंचं न ओरडणं सोसत नव्हतं. शेवटी भगवंत दारात येऊन म्हणाला, "बाबा, पुरे झालं. नोकरीवरून काढा त्याले. पन उद्या सकाळी एकडाव येऊ द्या. शिकवाचं राहिलं थे शिकवून जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं अमरावतीच्या सडकेला लागले. भगवंत चाकावर, नत्थुजी शेजारी. भगवंत कामापुरतं बोलत होता. नत्थुजीनं त्या दिवशी काही राखून ठेवलं नाही. उतारावर आधी गिअर खाली घ्यायचा, ओल्या रस्त्यावर पाय एकदम टाकायचा नाही, पट्टी नेहमीपेक्षा खाली गेली तर तेल पाहायचं, तेल संपलं तर हाताची दांडी कशी ओढायची. सांगता सांगता त्याचा घसा कोरडा पडला. भगवंतनं एका उतारावर वेग घेतला आणि पाय टेकवला. गाडी दोरी धरल्यासारखी सरळ थांबली. त्यानं पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तशीच.

"आता सगळं सांगतलं?"

"सगळं."

"मग उतर."

नत्थुजी उतरला. गाडी वळली आणि परतवाड्याकडं निघून गेली. तो पायी घरी आला. ज्या गोष्टीच्या भीतीपायी एवढं केलं तीच गोष्ट शेवटी आपल्याच तोंडानं घडली, हे त्याला वाटेत उमगलं, पण त्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला दुसरं पुष्कळ होतं.

घरी त्यानं सुभद्रेला सांगितलं. ती ऐकून दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बाजारातून परत आली तेव्हा टोपलं उतरवत म्हणाली, "आज सत्यभामाबाई आल्या होत्या. पायात वाहना होत्या." नत्थुजीनं तोंड फिरवलं आणि खांद्यावरच्या पंचानं डोळे पुसले. सुभद्रेनं पाहिलं आणि टोपलं आत नेलं.

एक-दोन हंगाम तो तिच्याबरोबर भाजीच्या दुकानावर बसला. मग दुसरं महायुद्ध सुरू झालं. नव्या गाड्या येईनात, जुन्याच गाड्या जंगलातल्या लाकडाच्या ओझ्यानं कण्हत घाट उतरू लागल्या. शेख चांदनं त्याला बोलावून घेतलं, काम पक्कं शिकवलं, आणि पुढं नत्थुजीनं परतवाड्यातच एका टिनाच्या शेडमध्ये ब्रेकचं काम सुरू केलं. त्याचा एक नियम होता, त्यावरून लोक हसायचे. गाडी जो जो चालवणार, त्यानं समोर येऊन बसायचं. मालक, ड्रायव्हर, मालकाचा भाऊ, सगळे. त्यांच्याकडून थांबवून घेतल्याशिवाय तो गाडी सोडत नसे. कोणी कुरकुर केली तर म्हणे, "माह्या घरी नाई मरत तुमी, घाटात मरता. बसा."

भगवंत वकील झाला, अमरावतीला राहू लागला. गाडी तीच ठेवली. वर्षातून एकदा, घरी आला की तो ती नत्थुजीच्या शेडसमोर उभी करी. "तेल पाहून दे," म्हणे, आणि बाहेर उभा राहून वर्तमानपत्र वाची. नत्थुजी पाही, आवळी, पुसून देई. दोघांत याहून जास्त बोलणं कधी झालं नाही. मात्र अमरावतीहून येणारी बरीच गिऱ्हाइकं सांगायची, "भगवंतराव वकिलायनं पाठवलं. म्हनले, ब्रेकचं काम असन त नत्थुजीकडेच जा." हे ऐकून दुसऱ्या कोणाची छाती फुगली असती. नत्थुजी मात्र तो दिवसभर गप्प असे.

काम झालं की भगवंत घडी घातलेलं वर्तमानपत्र काखेत मारून गाडीकडं येई. काठी आता सुटली होती, पण उजवा पाय टाकताना खांदा झुकायचा. त्या पायाकडं पाहायचं नाही असं नत्थुजी दर वेळी ठरवी, आणि दर वेळी पाही.